जुन्या वळणाची मोटार काढायची? आधी कंपनी उभी करा



"तुमची स्वतःची मोटार कंपनी आहे असं समजा आणि तिच्यासाठी जुन्या काळातली वाटेल अशी गाडी तयार करा." आठवी-नववीच्या वर्गाला हा प्रकल्प दिला की मुलं खूश होतात. दुसऱ्या दिवशी चाळीस चित्रं येतात आणि त्यातली तीस एकाच फोटोवरून उतरवलेली असतात. लांब बोनेट, गोल दिवे, लाल रंग. चित्र छान असतं, पण विचारलं की, "बाबा रे, ही गाडी कुणासाठी? कुठल्या साली निघाली? दिवे गोलच का?" तर पोरगं आपल्याकडे बघत राहतं.

हा प्रकल्प चित्रकलेचा नाही. भूमिती, इतिहास, विज्ञान आणि मराठी एकाच पानावर आणायची ही सोय आहे. पण त्यासाठी पेन्सिल उशिरा हातात द्यावी लागते. पहिला तास कंपनीला द्यायचा, चित्राला नाही. गाडीचा आकार आपोआप ठरत नसतो. कुणासाठी, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या काळात, किती पैशात, या प्रश्नांच्या उत्तरांतून तो येतो.

हे मुलांना पटवायला परदेशी गाड्यांकडे जायची गरज नाही. आपल्या वऱ्हाडात आजोबांना विचारायला लावा. घरच्या बायामाणसांना माहेरी-सासरी, जत्रेला न्यायची ती दमणी. तिला वरून छप्पर, खाली गादी, बसायला ऐसपैस. आणि शंकरपटात धावायची ती छकडी, इतकी हलकी की हाकणाऱ्यालाही जेमतेम टेकायला जागा. दोन्हींना दोन चाकं, दोन्हींना दोन बैल, दोन्ही गावच्याच सुताराने केलेल्या. तरी एकीवरून दुसरी ओळखू येत नाही. का? कारण सुताराने आधी विचारलं होतं, "कायले पाहिजे?" तोच प्रश्न आपल्या कंपनीला विचारायचा.

आता कंपनी. उदाहरणासाठी नाव घेऊ 'पूर्णाकाठ मोटर्स'. पूर्णा अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांतून वाहते, म्हणून भांडण नको. कंपनी अर्थातच काल्पनिक आहे, पण साल आणि गाव खरं घ्यायचं. समजा साल घेतलं १९५५.

इथेच पहिली गंमत होते. बहुतेक मुलं गाडीच्या पाटीवर मोठ्या अभिमानाने एमएच २७ किंवा एमएच ३० लिहितात. १९५५ साली महाराष्ट्र राज्यच नव्हतं! वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. एमएच २७, एमएच ३० ही पद्धत तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. राज्य पुनर्रचनेचा धडा कितीही शिकवला तरी जे डोक्यात बसत नाही, ते या एका पाटीमुळे बसतं. मुलांना चूक दाखवायची घाई करू नका. घरी जाऊन विचारू द्या.

मग गिऱ्हाईक. १९५५ साली अकोल्यात किंवा अमरावतीत मोटार कोण घेणार? जिनिंग फॅक्टरीचे मालक, सरकीचे मोठे व्यापारी, वकील, डॉक्टर. प्रत्येकाची गाडी वेगळी निघते, निघालीच पाहिजे. डॉक्टरला रात्री-बेरात्री खेड्यात जायचं आहे, त्याला दिवे चांगले हवेत आणि गाडी जमिनीपासून उंच हवी. कापसाच्या व्यापाऱ्याला नमुन्याची गाठोडी ठेवायला डिकी मोठी हवी. आणि गिऱ्हाईक फेटा किंवा टोपी घालणारं असेल तर छत किती उंच? हसू नका, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीचे प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रहच होता की माणसाला हॅट न काढता मोटारीत बसता आलं पाहिजे. त्यामुळे त्या काळच्या क्रायस्लरच्या गाड्या उंच, पेटीसारख्या दिसायच्या. बाकीच्या कंपन्यांनी गाड्या बुटक्या आणि लांबट केल्या आणि केलरसाहेबांच्या गाड्यांचा खप घसरला. गिऱ्हाइकाचा विचार केला, पण त्याच्या डोक्यावरची हॅटच जाऊ लागली होती हे दिसलं नाही!

रस्ता आणि हवा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो आणि गाडीत एसी नाही. पावसाळ्यात काळी माती. काळ्या वावरातून सायकल काढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल गच्च भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग १९५५ च्या गाडीला चाकाला चिकटलेलं मडगार्ड देऊन चालेल का? आज अमरावती-अकोला रस्ता गुळगुळीत आहे. त्यातल्या ७५ किलोमीटरच्या पट्ट्याचं डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याचा गिनीज विक्रम नोंदला गेला. त्याआधी त्या रस्त्यावर कमरेचे काय हाल व्हायचे ते तुम्हाला मी सांगायला नको. पण मुलांच्या डोक्यात आजचाच रस्ता असतो, म्हणून मुद्दाम आठवण करून द्यायची.

एवढं झालं की मग आकाराकडे या. जुन्या गाडीचं "जुनेपण" म्हणजे वरून लावलेली नक्षी नाही. तिच्या बहुतेक वळणांमागे काहीतरी अडचण होती, आणि ती अडचण शोधणं हाच या प्रकल्पातला खरा अभ्यास.

"सर, जुन्या गाडीले पायरी काहून असते?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सोपं आहे. तेव्हा गाडीखाली लोखंडी चौकट वेगळी असायची, बैलगाडीच्या साट्यासारखी, आणि तिच्यावर वरचा सांगाडा बसवलेला. त्यामुळे बसायची जागा उंच. लुगडं-धोतर सावरत चढायला पायरी लागायचीच. पुढे चौकट आणि सांगाडा एकच झाले, जमीन खाली आली, पायरी गेली. म्हणून मुलाने चित्रात पायरी काढली असेल तर विचारायचं, "तुझ्या गाडीची चौकट वेगळी आहे का?"

बोनेट लांब का? इंजिनची सिलिंडरं एकामागे एक, लांबीच्या दिशेने मांडलेली असायची. त्यांच्यापुढे पाणी थंड करणारा रेडिएटर उभा. त्याला वारा मिळावा म्हणून समोर भलीमोठी जाळी. आपल्याकडच्या उन्हात तर ती जाळी मोठीच हवी. आणि पुढच्या दारापाशी असायची ती छोटी तिकोनी काच आठवते का? ॲम्बेसेडर, पद्मिनीत बसलेल्यांना नक्की आठवेल. ती तिरपी फिरवली की वाऱ्याचा झोत थेट आत यायचा. वीज नाही, पंखा नाही, एक खिटी आणि काच. एसी आला आणि ती काच गेली. 'पूर्णाकाठ मोटर्स'च्या गाडीला ती नसेल तर मी तरी गुण कापतो!

दिवे गोल का, याचं उत्तर नववी-दहावीच्या प्रकाशाच्या धड्यात आहे. मागचा आरसा वाटीसारखा खोल असतो. त्याच्या नाभीपाशी बल्ब ठेवला की किरण समांतर बाहेर पडतात. अशी वाटी घडवायला गोल आकार सगळ्यात सोपा. अमेरिकेत १९४० पासून तर ७ इंची गोल दिव्याचंच प्रमाण ठरवून दिलं होतं. पुढे प्लास्टिक आणि संगणक आले, दिव्याला हवा तो आकार देता आला, आणि गाड्यांचे डोळे बारीक झाले.

आता पत्र्याचा बाक. यासाठी वर्गात एक प्रयोग करा, दोन मिनिटं लागतात. वहीचं जाड पुठ्ठ्यासारखं पान एका टोकाला धरून आडवं ठेवा. ते खाली मान टाकतं. आता त्याच पानाला लांबीच्या दिशेने किंचित बाक द्या, पन्हाळीसारखा. ताठ उभं राहतं, वर खडू ठेवला तरी पेलतं. पान तेच, वजन तेच. पातळ पत्र्याला बाक दिला की त्याला ताकद येते. जुन्या गाड्यांचे फुगीर मडगार्ड आणि गोलसर छत फक्त सौंदर्यासाठी नव्हते. हे एकदा कळलं की मुलं रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या दारावरची वळी बघायला लागतात. जवळच्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात मुलांना पाचेक जणांच्या गटाने, मिस्त्रींना आधी विचारून, घेऊन गेलात तर फारच उत्तम. सपाट जागेवरचा पोचा काढणं अवघड की वळणावरचा, हे ते हातोडीने दाखवतात. वर्गात ज्याचे वडील गॅरेजमध्ये काम करतात असा एखादा मुलगा असतोच. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा तो मुलगा या आठवड्यात सगळ्यांना सांगत असतो. या एका गोष्टीसाठीसुद्धा हा प्रकल्प करावा.

पण सगळ्यालाच कारण असतं असंही मुलांना शिकवू नका, ते खोटं होईल. प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर वर आलेली छोटी शेपटं बघा. त्यांचा चालवताना काडीचा उपयोग नाही. १९४८ मध्ये कॅडिलॅकने एका लढाऊ विमानाच्या शेपटीवरून तशी टोकं काढली, मग सगळ्या जगाने ती उचलली आणि इटलीमार्गे ती आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात पोचली. निव्वळ फॅशन! मुलाने "दिसायला बरं वाटतं म्हणून" असं प्रामाणिकपणे लिहिलं तर ते उत्तरही मान्य करावं. फक्त कारण कुठलं आणि हौस कुठली, हे त्याला वेगळं सांगता आलं पाहिजे.

कुर्ल्याचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिथे आधी क्रायस्लर गटाच्या गाड्या जुळवल्या गेल्या, मग फियाट आली. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून तीच प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी म्हणून जगाला माहीत झालेली ही गाडी ३० ऑक्टोबर २०२३ नंतर टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची गेली. ॲम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनायची, २०१४ पर्यंत. म्हणजे आपण ज्यांना "आपल्या" जुन्या गाड्या म्हणतो, त्यांचं रेखाटन बाहेरचं होतं.

मग इथल्या कुणी स्वतः गाडी रेखाटलीच नाही का? रेखाटली. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी नाही, हाताशी मोठा कारखाना नाही. त्यांनी १९४९ मध्ये छोटी दोन माणसांची गाडी तयार करून रस्त्यावर आणली. नंतर सत्तरच्या दशकापर्यंत ते तीच गाडी सुधारत राहिले, पुन्हा पुन्हा नवे नमुने केले. गाडीचं नाव 'मीरा'. इंजिन मागे, हादरे सोसायला लोखंडी पाट्यांऐवजी रबराचा उपयोग, आणि सुटे भाग कमीत कमी, म्हणजे बिघडायलाही कमी. सामान्य माणसाला परवडावी म्हणून किंमत धरली होती साधारण १२ हजार रुपये. त्या काळात उद्योग काढायचा तर सरकारचा परवाना लागायचा. १९५१ च्या उद्योग कायद्याने ते बंधन घातलं होतं आणि कोण किती गाड्या करणार हेही दिल्लीत ठरायचं. मीराचं कारखान्यातलं उत्पादन कधीच सुरू झालं नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि छोट्या गाडीची जागा तिने घेतली.

मीराची गोष्ट मुलांना अर्धी सांगून थांबा. "गाडी चांगली होती, चालत होती, स्वस्त होती, मग का नाही निघाली?" असं विचारा आणि उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या. कुणी म्हणेल पैसे, कुणी म्हणेल परवाना, कुणी म्हणेल दुरुस्ती कोण करणार. मग आपल्या कंपनीकडे वळा. 'पूर्णाकाठ मोटर्स' काच स्वतः करणार का विकत आणणार? टायर? बॅटरी? पत्रा दाबायचा साचा खूप महाग पडतो आणि तो खर्च हजारो गाड्यांवर वाटला तरच परवडतो. म्हणून तर ॲम्बेसेडरचा चेहरा इतकी वर्षं जवळपास तोच राहिला. नव्या चेहऱ्याला नवा साचा लागतो! साचा ५ लाखांचा धरला आणि गाड्या फक्त १०० विकल्या तर एका गाडीवर किती बोजा, आणि १०,००० विकल्या तर किती? हे आकडे मनाचे घ्या, पण भागाकार खरा करू द्या.

आता कुठे पेन्सिल हातात द्यायची. आणि पट्टीही.

प्रमाण १ : २० घ्या, साध्या ए-४ कागदावर आडवी गाडी नीट बसते. पद्मिनीची लांबी सुमारे ३९० सेंटीमीटर, म्हणजे कागदावर १९.५. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंतलं अंतर २३४, म्हणजे ११.७. ॲम्बेसेडर सुमारे ४३२ लांब, म्हणजे २१.६, चाकांमधलं अंतर २४६, म्हणजे १२.३, उंची साधारण १६०, म्हणजे ८ सेंटीमीटर. चाक टायरसकट ६५ च्या आसपास, कागदावर सव्वातीन. आधी जमिनीची रेघ, मग दोन चाकं कंपासने, मग आत बसलेला माणूस, आणि सगळ्यात शेवटी गाडीची बाहेरची रेघ. माणूस आधी काढणं महत्त्वाचं. सीटपासून डोक्यापर्यंत ८५ सेंटीमीटर धरले तर कागदावर सव्वाचार येतात. वर फेट्याचे काय ते वाढवा. ज्या मुलांनी आधी देखणं छत काढलं असतं, त्यांच्या गाडीत माणसाचं डोकं छताबाहेर येतं आणि सगळा वर्ग हसतो. हसू द्या, मग त्यालाच विचारा की छत वर नेणार का सीट खाली.

फोटोवरून प्रमाण शिकायची आणखी एक युक्ती आहे. बाजूने काढलेला जुन्या गाडीचा फोटो घ्या, कागदाच्या पट्टीवर चाकाची उंची खूण करा आणि त्या मापाने सगळी गाडी मोजा. दोन चाकांमध्ये किती चाकं मावतात, उंची किती चाकांची. ॲम्बेसेडरची उंची साधारण अडीच चाकांच्या जरा आत भरते. एकदा हे प्रमाण हाताला बसलं की मुलांची चित्रं एकदम "खऱ्या गाडीसारखी" दिसू लागतात, चित्रकला बेताची असली तरी.

कुणाला मातीचा नमुना करायचा असेल तर जरूर करू द्या. मोठ्या कंपन्यांतही गाडीचा आकार मातीतच ठरतो. जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्ल यांनी १९२७ पासून वेगळा विभाग उभारून ही पद्धत रुजवली. मात्र त्यांची माती मेण-तेल मिसळलेली असते, ती वाळत नाही. आपली काळी माती घेऊ नका, दोन दिवसांत वावरासारख्या भेगा पडतात. शाडू चालेल.

पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. मूल वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढत बसतं म्हणून बरेच जण रागावतात. रागवायच्या आधी एकदा तो कागद हातात घेऊन दोन प्रश्न विचारून बघा. पाना-जॅक कुठे ठेवलाय? आणि मागच्या सीटवरच्या माणसाचे पाय कुठे गेले? उत्तर देता आलं तर ते मूल नुसतं वेळ घालवत नाहीये. उत्तर नसेल तर ते शोधायला बसेल. रेडीमेड मॉडेल विकत आणून किंवा स्वतः चित्र काढून मात्र देऊ नका. आईबाबांनी केलेला प्रकल्प शिक्षकाला लांबूनच ओळखू येतो!

गुण देताना मी चित्राच्या सुबकपणाला १० पैकी २ च ठेवतो. ३ प्रमाण बरोबर आहे का यासाठी, आणि उरलेले ५ कारणांसाठी. गाडीच्या कुठल्याही पाच भागांवर मी बोट ठेवणार, मुलाने "हे असं का" ते सांगायचं.

आणि शेवटचा तास मराठीचा. 'पूर्णाकाठ मोटर्स'ची १९५५ सालची वर्तमानपत्रातली जाहिरात, साठ शब्दांत. त्यात 'मायलेज', 'फीचर्स' असले शब्द चालणार नाहीत. "एका गॅलनात किती मैल" असं लिहावं लागेल. मग गॅलन म्हणजे किती लिटर आणि मैल म्हणजे किती किलोमीटर, हे गणिताच्या सरांना विचारायला मुलं धावतात. जाहिरातीखाली दुकानाचा पत्ता हवा: अकोल्यात नेमकं कुठे, अमरावतीत नेमकं कुठे. तो पत्ता १९५५ साली खरंच होता का, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून तपासून आणायचं.